पहिला ब्रेक थंडच लागतो: जुन्या एमजीबीसाठी पॅडची निवड

ब्रेक पॅडच्या जाहिरातीत तापमानाचा आकडा सर्वांत ठळक असतो. सहाशे-सातशे अंशांपर्यंत पकड ढळणार नाही, असे सांगितले की जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या मालकाचा हात आपोआप खिशाकडे जातो. गाडी शर्यतीत उतरणार असेल तर ते ठीकच आहे. रोजच्या रस्त्यावर मात्र हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि पुष्कळदा दिशाभूल करणारा.

उदाहरणादाखल एमजीबी घेऊ. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्याने घडवलेली ही गाडी सर्व प्रकार मिळून पाच लाखांहून अधिक निघाली, आणि तिची ब्रेकयंत्रणा अभ्यासाला सोयीची, म्हणजे साधी आहे. पुढे १०.७५ इंच (२७३ मिलिमीटर) व्यासाच्या सलग डिस्क, मागे १० इंची ड्रम. सुरुवातीच्या गाड्यांवर सर्वो, म्हणजे आपल्या गॅरेजांतला बूस्टर, नाही. पायाचा जोर पेडलच्या तरफेतून आणि तेलाच्या दाबातून थेट पॅडवर जातो.

आता उष्णतेचा हिशेब. दोन माणसे बसलेली एमजीबी १,१०० किलोची धरली, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला तिची गतिज ऊर्जा सुमारे ४२४ किलोज्यूल होते. जोरात ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकांवर येतो आणि थांबवण्याचे साधारण ७० टक्के काम पुढच्या जोडीकडे जाते. एका डिस्कच्या वाट्याला आले १४८ किलोज्यूल. डिस्कचे वजन चार किलो मानले आणि सारी उष्णता तिच्यातच मुरली असे धरले, तरी तापमान सुमारे ८० अंशांनीच चढते. ताशी ५० च्या वेगाला ऊर्जा एक चतुर्थांश, म्हणून वाढही २० अंशांची. पुढच्या सिग्नलपर्यंत वारा लागून त्यातलेही बरेच निघून जाते. म्हणजे शहरातला पॅड बहुतेक वेळ शंभर अंशांच्या खालीच राहतो, आणि हिवाळ्यातल्या सकाळी गल्लीतून बाहेर पडताना लागणारा पहिला ब्रेक हवेच्याच तापमानाला लागतो.

घर्षणगुणांक हा स्थिर आकडा नव्हे. प्रत्येक मिश्रणाचा तापमानानुसार चढत-उतरत जाणारा आलेख असतो. शर्यतीचे मिश्रण असे बांधलेले असते की तापल्यावर पॅडमधल्या द्रव्याचा पातळ थर डिस्कवर बसावा आणि पकड त्या थरातून मिळावी. थंड असताना तो थर नीट काम करत नाही. मग पॅड डिस्क खरवडतो, करकरतो आणि कमी धरतो. समजा, गरम असताना ०.४० असलेला गुणांक थंडीत ०.२५ भरला. तेवढ्याच मंदनासाठी पायाला १.६ पट जोर लावावा लागेल. आधुनिक गाडीत बूस्टर हा फरक पोटात घालतो. एमजीबीत तो थेट पिंडरीला कळतो. पेडल दाबून गाडी हवी तशी मंदावत नाही हे उमगायला आणि जोर वाढवायला अर्धा सेकंद गेला, तर ५० च्या वेगाला सहा-सात मीटर रस्ता सरलेला असतो. पादचाऱ्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

मग पॅडवरची अक्षरे वाचून निवड करता येईल का? अमेरिकी एसएई पद्धतीत पॅडवर दोन अक्षरे असतात: पहिले सर्वसाधारण घर्षणाचे, दुसरे तप्त अवस्थेतले. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५. उपयोगी माहिती आहे, पण तिच्यात एक मेख आहे. हे ‘सर्वसाधारण’ घर्षण सुमारे ९३ ते २०४ अंश सेल्सिअस या पट्ट्यात मोजतात, तेही इंचभर चौकोनी तुकड्यावर. आपल्याला ज्याची काळजी आहे तो थंड पहिला ब्रेक या अक्षरांत मोजलेलाच नाही. त्यासाठी उत्पादकाने दिलेला आलेख पाहावा, आणि तो शून्याजवळून सुरू होतो की दोनशे अंशांपासून, हे आधी तपासावे. दोनशेपासून सुरू होणारा आलेख बरेच काही न बोलता सांगतो.

‘जास्त पकडीचा पॅड, म्हणून गाडी कमी अंतरात थांबते’ हा समज तर फारच घट्ट आहे. थांबण्याचे अंतर शेवटी टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीवर ठरते. सध्याचे पॅड कोरड्या रस्त्यावर चाक जाम करू शकत असतील, तर त्याहून चिवट पॅडने अंतर घटत नाही. पायाचे कष्ट तेवढे घटतात. अरुंद टायरांच्या जुन्या गाडीत ही मर्यादा लवकर येते.

याहून नाजूक प्रश्न पुढच्या-मागच्या समतोलाचा. ड्रममधला पुढे ओढला जाणारा शू फिरत्या ड्रममुळे स्वतःच अधिक घट्ट दाबला जातो. डिस्कला असा फुकटचा जोर मिळत नाही. मूळ रचनेत या दोहोंचा मेळ ठरावीक गुणांक धरून बसवलेला असतो. पुढे फार चिवट पॅड घातले आणि मागचे शू तेच ठेवले, तर पुढची चाके आधी जाम होतात आणि मागच्या टायरांची पकड वापराविना पडून राहते. पावसात हे जास्त बोचते, कारण ओल्या रस्त्यावर मंदन कमी, म्हणून पुढे सरकणारा भारही कमी, आणि पुढच्या चाकांना झेपणारा वाटा आणखी घटतो. उलट चूक मात्र घातक आहे. मागे चिवट लायनिंग आणि पुढे थंडीत न धरणारा शर्यतीचा पॅड, ही जोडी गाडीचे शेपूट फिरवते.

उष्णतेचा प्रश्न रस्त्यावर खरोखर येतो तो उतारावर. आल्प्समधली स्टेल्व्हियो खिंड २,७५७ मीटरवर आहे आणि बोर्मियो गाव १,२२५ मीटरवर. ही उंची उतरताना आपली १,१०० किलोची गाडी सुमारे १६.५ मेगाज्यूल ऊर्जा सोडते, म्हणजे १०० च्या वेगावरून ३९ वेळा थांबण्याइतकी. लोणावळ्याहून बोरघाटाने खोपोलीला उतरताना असे थांबणे चौदा वेळांच्या आसपास भरते. हवेचा रोध आणि दुसऱ्या गिअरमधले इंजिन या ऊर्जेतला मोठा हिस्सा घेतात, पण न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्याला कोणताही पॅड वाचवू शकत नाही. शिवाय अशा वेळी दगा देते ते बहुधा ब्रेक ऑइल. डॉट ४ प्रतीचे ताजे तेल किमान २३० अंशांना उकळते. हवेतली ओल शोषल्यावर हीच मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. तेल उकळून पेडल तळाला गेले की लोक पॅडला शिव्या देतात. माझ्या मते बहुतेक जुन्या गाड्यांत महाग पॅडचे पैसे आधी ताज्या तेलावर आणि नव्या रबरी नळ्यांवर खर्चावेत. फुगणारी जुनी नळी पेडल जितके मऊ करते तितके कोणतेही मिश्रण करत नाही.

घटकद्रव्यांबद्दल थोडक्यात. हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ मध्ये डर्बीशायरमध्ये घोडागाड्यांच्या ब्रेकवर काम सुरू केले आणि त्यातून फेरोडो ही ब्रेकची घर्षणद्रव्ये बनवणारी कंपनी उभी राहिली. पुढे कित्येक दशके या धंद्याचा आधार ॲस्बेस्टॉस होता. ब्रिटनने पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली ती १९९९ मध्ये. त्यामुळे ‘अस्सल, जुन्या साठ्यातले’ पॅड कपाटात शोभतात, गाडीत नकोत. आणि मागचे ड्रम उघडताना धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. आजच्या पर्यायांत पोलादी तंतूंचे अर्धधातू पॅड उष्णता सोसतात, पण डिस्क झिजवतात, आणि महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत दमट हवेने गंजून डिस्कला चिकटू शकतात. सिरॅमिक म्हणून विकले जाणारे पॅड तारांची चाके स्वच्छ ठेवतात. सेंद्रिय मिश्रणे थंडीत लगेच धरतात, आवाज करत नाहीत आणि लवकर झिजतात. वर्षातून मोजकेच अंतर धावणाऱ्या गाडीत ही झीज क्षम्य आहे, म्हणून माझा कौल त्यांनाच.

नवे पॅड बसवल्यावर त्यांचा थर डिस्कवर बसवावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर ८० वरून ३० पर्यंत दहा-बारा वेळा वेग उतरवावा, मध्ये पूर्ण थांबू नये, मग गाडी चालती ठेवून डिस्क निवू द्यावी. गरम असताना पेडल दाबून उभे राहिले तर त्या जागी थर जाड बसतो आणि पुढे पेडल थरथरते. गॅरेजमध्ये त्याला ‘डिस्क वाकली’ म्हणतात, आणि चांगली डिस्क भंगारात जाते.

ज्यांना अधूनमधून ट्रॅकवर जायचेच आहे त्यांनी दोन संच ठेवावेत. मात्र एका मिश्रणाच्या थरावर दुसरे मिश्रण नीट धरत नाही. प्रत्येक बदलानंतर डिस्क पॉलिश पेपरने घासून थर नव्याने बसवावा, किंवा प्रत्येक संचाला स्वतःची डिस्कची जोडी द्यावी.