तार कुंपणाच्या खांबांना काँक्रीट किती लागते? सोपा हिशोब

शेताला तार कुंपण करायचे ठरले की खांब आणि तारेचा हिशोब लगेच होतो. सिमेंटचा मात्र बहुतेक वेळा अंदाजच असतो. अंदाज कमी पडला तर मजूर बसून राहतात आणि एका गोणीसाठी गावात फेरी होते. जास्त झाला तर उरलेल्या गोण्या पावसाळी हवेत दगड होतात. खरे तर हा हिशोब चार पायऱ्यांत होतो.

पायरी १ : खांब किती?

इथे क्षेत्रफळ नाही, परीघ मोजायचा असतो. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. जमीन चौरस असेल तर एक बाजू सुमारे २०९ फूट आणि परीघ ८३६ फूट येतो. दर १० फुटांवर एक खांब धरला तर ८४ खांब लागतात. तेच एक एकर १०० फूट रुंदीच्या लांबट पट्टीत असेल तर परीघ १,०७१ फुटांवर जातो आणि खांब १०८ होतात. म्हणून 'एकरी इतके खांब' असा ठोकताळा फसवतो.

तार ताणली की सगळा ओढा कोपऱ्यांवर येतो. त्यामुळे प्रत्येक कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही बाजूंनी तिरपे टेकू देतात. चार कोपऱ्यांचे ८ टेकू धरले तर चौरस एकराला एकूण ९२ खड्डे होतात. फाटकाच्या खांबांवर वजन जास्त येते, त्यांचे खड्डे मोठे घेऊन वेगळे मोजावेत.

पायरी २ : एका खड्ड्यात किती काँक्रीट?

सात फुटी खांब साधारण दोन फूट जमिनीत जातो. खड्डा गोल, एक फूट व्यासाचा आणि दोन फूट खोल असेल तर :

• खड्ड्याचे घनफळ : ३.१४ × ०.५ × ०.५ × २ = १.५७ घनफूट
• चार इंच बाय चार इंच सिमेंट खांबाने व्यापलेली जागा : ०.२२ घनफूट
• लागणारे काँक्रीट : १.३५ घनफूट

लोखंडी अँगल असेल तर त्याची जागा नगण्य असते, वजाबाकी करू नये. पहारीने खणलेला एक फुटी चौकोनी खड्डा असेल तर घनफळ २ घनफूट धरावे.

पायरी ३ : एकूण किती?

९२ × १.३५ = सुमारे १२४ घनफूट. सांडलवंड आणि वाकडेतिकडे खड्डे यांसाठी १० टक्के वाढवले की १३७ घनफूट होतात.

पायरी ४ : सिमेंट, वाळू, खडी

अशा कामाला १:२:४ हे प्रमाण चालते, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी. ५० किलोची एक गोणी सुमारे सव्वा घनफूट भरते. पण सात भाग मिसळून सात भाग काँक्रीट होत नाही, कारण वाळू खडीच्या फटींत आणि सिमेंट वाळूच्या फटींत बसते. त्यामुळे एका गोणीत सुमारे साडेपाच घनफूट काँक्रीट तयार होते. १३७ भागिले ५.५, म्हणजे २५ गोण्या.

• सिमेंट : २५ गोण्या
• वाळू : सुमारे ६३ घनफूट
• पाऊण इंची खडी : सुमारे १२५ घनफूट, म्हणजे सव्वा ब्रास

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. वाळू ओलसर असेल तर ती फुगलेली असते, म्हणून थोडी जास्त मागवावी.

चूक नेमकी कुठे होते?

खड्ड्याच्या रुंदीत. व्यास १२ इंचांऐवजी १५ इंच झाला तर एका खड्ड्याला १.३५ ऐवजी २.२३ घनफूट काँक्रीट लागते. तीनच इंच वाढले, पण माल ६५ टक्के वाढला! २५ गोण्यांच्या जागी ४१ लागतील. म्हणून सिमेंट मागवण्याआधी पाच-सहा खड्डे खणून घ्यावेत, टेपने मोजावेत आणि त्यांची सरासरी धरावी.

भरताना एवढे लक्षात ठेवा

• एका वेळी एकाच गोणीचा माल कालवावा. तो चार खड्ड्यांना पुरतो.
• गोणीला ३२ लिटरपेक्षा जास्त पाणी घालू नये. पातळ माल ओतायला सोपा जातो, पण कच्चा राहतो.
• काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिथे शक्य तर खड्डा मुरमापर्यंत न्यावा आणि वाढलेली खोली हिशोबात धरावी.
• वरचा थर खांबाकडून बाहेर उतरता करावा, म्हणजे बुंध्याशी पाणी साचत नाही.
• आठ-दहा दिवस पाणी मारावे आणि त्यानंतरच तार ताणावी.