व्यवसायोपचार व युद्धवैद्यक

दुखापत, आजार किंवा व्यंग यांमुळे शरीराची वा मनाची उणावलेली कार्यक्षमता, रुग्णाकडून हेतुपूर्वक निवडलेली कामे करवून घेऊन वाढविण्याची उपचारपद्धती म्हणजे व्यवसायोपचार. मनोरुग्णालयांतून विणकाम, बागकाम यांसारखी कामे देण्याची रीत जुनी असली, तरी तिला स्वतंत्र पेशाचे बळ मिळाले ते पहिल्या महायुद्धात. या पेशाची अमेरिकेतील राष्ट्रीय संस्था मार्च १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे स्थापन झाली आणि पुढच्याच महिन्यात अमेरिका युद्धात उतरली. त्यामुळे मूठभरांच्या या चळवळीपुढे जखमी सैनिकांचे मोठे कार्यक्षेत्र उभे राहिले. लष्कराने या कामासाठी ज्या ‘पुनर्रचना साहाय्यिका’ नेमल्या, त्या नागरी स्त्रिया होत्या व त्यांना लष्करी हुद्दा नव्हता.

इंग्लंडमध्ये अस्थिशल्यविशारद रॉबर्ट जोन्स यांच्या पुढाकाराने लंडनच्या शेफर्ड्स बुश लष्करी रुग्णालयात कार्यशाळा निघाल्या. आखडलेला खांदा व कोपर यांसाठी रंधा, तर घोटा व गुडघा यांसाठी पायाने चालविण्याचे यंत्र, असे तेथील कामामागचे तत्त्व होते; तयार झालेल्या वस्तूपेक्षा ती करताना होणारी हालचाल महत्त्वाची मानली जाई. सांध्याची हालचाल मोजून त्या बेताने काम वाढविण्याची शिस्त या पेशाला युद्धाने लावली, मात्र तिच्यापायी मनाच्या उपचाराचा मूळ विचार काहीसा मागे पडला, असे म्हणावे लागते.

मुंबईत १९१७ मध्येच अपंग भारतीय सैनिकांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू झाले व पुढे ते खडकीला गेले. पण तेथे भर होता तो चरितार्थासाठी हुन्नर शिकविण्यावर, त्यामुळे त्याला व्यवसायोपचाराचे केंद्र म्हणता येत नाही. खरा दुवा जुळला तो कमला निंबकर यांच्यामुळे. जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाईंचे शिक्षण फिलाडेल्फियाच्या व्यवसायोपचार विद्यालयात झाले आणि हे विद्यालय युद्धकाळात, १९१८ मध्ये, निघालेले होते. त्यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भारतातील पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू केले; १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी जागतिक महासंघाच्या संस्थापक सदस्य देशांत भारताचा समावेश झाला. विदर्भात या विषयाचे शिक्षण १९५८ मध्ये नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाले.