समुद्रातील मासळीचा साठा कसा मोजतात?

सिल्वासाला समुद्रकिनारा नाही. मात्र शहराजवळून वाहणारी दमणगंगा दमण येथे अरबी समुद्राला मिळते आणि २६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगर हवेली व दमण-दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश आहे. दमणच्या दक्षिणेस पालघर जिल्ह्यातील डहाणू व सातपाटी ही बंदरे आहेत. सातपाटी पापलेटसाठी प्रसिद्ध आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्य मासा घोषित केले. या किनाऱ्यावरील लहान होड्यांचा व्यवसाय टिकवायचा, तर समुद्रात मासळी किती उरली आहे याचा अंदाज असणे आवश्यक ठरते.

समुद्रातील मासे मोजता येत नाहीत. मोजता येते ती बंदरावरची आवक. १९४७ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था निवडक बंदरांवर ठरावीक दिवशी होड्यांची पाहणी करते आणि त्यावरून संपूर्ण किनाऱ्याची आवक काढते. परंतु आवक म्हणजे साठा नव्हे. समजा, दहा होड्यांनी एका दिवसात एक हजार किलो मासळी आणली. पुढे वीस होड्यांनी बाराशे किलो आणली, तर एकूण आवक वाढलेली दिसते. प्रत्यक्षात एका होडीचा वाटा शंभर किलोंवरून साठ किलोंवर आलेला असतो. म्हणूनच होड्यांची संख्या, समुद्रात घालवलेले तास आणि जाळ्याचा प्रकार यांची नोंद मासळीच्या वजनाइतकीच महत्त्वाची असते.

दुसरी पद्धत माशांच्या लांबीवर आधारलेली आहे. बंदरावर आलेल्या एकाच जातीच्या अनेक माशांची लांबी मोजली की मोठे मासे किती प्रमाणात उरले आहेत हे कळते. मोठ्या माशांचे प्रमाण सतत घटत गेले, तर मासेमारीचा ताण वाढल्याची शक्यता असते. ज्या लांबीला निम्मे मासे प्रजननक्षम होतात, त्याहून लहान मासे जाळ्यात अधिक येऊ लागले, तर पुढच्या पिढीवरच घाला पडतो. पकडण्याजोग्या माशांची किमान लांबी आणि जाळ्याच्या आसाचा आकार ठरवताना हाच हिशेब आधाराला घेतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस लागू असलेल्या मासेमारी बंदीचा उद्देशही प्रजननाला अवसर देणे हाच आहे.

अंदाज चुकला तर काय होते, हे कॅनडातील न्यूफाउंडलँडच्या कॉड माशाने दाखवून दिले. तेथे उरलेले मासे मोजक्या ठिकाणी एकवटले आणि सुधारित साधनांच्या ट्रॉलरना ते सहज सापडत राहिले. पकड चांगली असल्याने साठाही भरपूर आहे, असा समज झाला. अखेर १९९२ मध्ये कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो कुटुंबांचा रोजगार गेला.

भारताच्या २०२२ च्या अहवालात तपासलेल्या १३५ साठ्यांपैकी ९१.१ टक्के साठे शाश्वत स्थितीत आढळले. हे आकडे आश्वासक असले, तरी देशाच्या सरासरीत एखाद्या बंदरावरील एका जातीची घट झाकली जाऊ शकते. मोठा ट्रॉलर मासळीच्या शोधात दूर जाऊ शकतो. लहान होडीला मात्र जवळच्याच पाण्यावर गुजराण करावी लागते. म्हणून तिच्या फेरीची, जाळ्याची आणि हाती आलेल्या माशांच्या लांबीची नियमित नोंद हा केवळ कागदी सोपस्कार नाही. जवळच्या पाण्यातील घट वेळीच ओळखण्याचे लहान मच्छीमारांच्या आवाक्यातील ते साधन आहे.