वॉर्डाच्या दाराबाहेरचे आईबाप

आजारी मुलाच्या आईबापांना रुग्णालयाने काय आणि किती सांगावे, हा प्रश्न इंग्लंडमध्ये बालरुग्णालयांइतकाच जुना आहे. मात्र त्याचे उत्तर वैद्यकाच्या प्रगतीपेक्षा, पालकांना वॉर्डात कुठवर येऊ दिले जाते यावरच अधिक ठरत गेले. लंडनमधील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर १४ फेब्रुवारी १८५२ रोजी अवघ्या दहा खाटांनिशी सुरू झालेल्या बालरुग्णालयाचे संस्थापक डॉ. चार्ल्स वेस्ट यांनी, उपचार आणि बालरोगांचा अभ्यास यांच्या जोडीला, मुलांच्या आजारपणातील शुश्रूषेचे ज्ञान समाजात, विशेषतः गरिबांमध्ये, पसरवणे हेही संस्थेचे उद्दिष्ट मानले होते. आजारी मुलांच्या शुश्रूषेवर त्यांनी १८५४ मध्ये लिहिलेली छोटी पुस्तिका परिचारिकांसाठी असली, तरी मुलांचा सांभाळ करणाऱ्या कोणालाही ती उपयोगी पडावी असा तिचा हेतू होता. म्हणजे घरी गेलेल्या मुलाची काळजी आईने कशी घ्यावी हे सांगण्यास रुग्णालय तयार होते. खाटेवरच्या मुलाविषयी मात्र त्या शतकातील रुग्णालये फारसे बोलत नसत.

या मौनाचे टोक संसर्गरुग्णालयांत दिसते. स्कार्लेट फीवर, म्हणजे अंगावर लाल पुरळ आणणारा घशाचा संसर्गजन्य ताप, आणि घटसर्प या रोगांच्या मुलांना तेथे आठवडेच्या आठवडे वेगळे ठेवले जाई आणि भेटीला बहुधा पूर्ण बंदी असे. अनेक शहरांत दाखल होतानाच मुलाला एक क्रमांक दिला जाई आणि स्थानिक सायंदैनिकात ‘अत्यवस्थ’, ‘गंभीर’, ‘प्रकृतीस उतार’ अशा मथळ्यांखाली हे क्रमांक छापले जात; संध्याकाळी अंक हाती पडला की आईबापांनी त्यात आपला आकडा शोधायचा. नाव गुप्त राहावे आणि रुग्णालयाच्या फाटकाशी गर्दी होऊ नये, एवढ्या दृष्टीने ही सोय चोख होती यात शंका नाही. पण पोटच्या पोराची खबर बाजारभावासारखी वाचावी लागण्याची ही रीत त्या काळात अनेक पालकांच्या अंगवळणी पडली होती, हे आज वाचतानाही चमत्कारिक वाटते.

साथीचे रोग नसलेल्या वॉर्डांतही दार फारसे उघडे नव्हते. १९४९ मध्ये लंडनमधील रुग्णालयांच्या भेटीच्या वेळांची जी पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यानुसार काही ठिकाणी आठवड्यातून एखाद-दोन तासच भेट मिळे, तर एके ठिकाणी पहिला महिनाभर आईबापांनी मूल झोपल्यावरच ते पाहायचे असा नियम होता. संसर्गाचे भय हे याचे एक कारण. परंतु प्रतिजैविके, म्हणजे जंतूंचा नाश करणारी पेनिसिलिनसारखी औषधे, हाती आल्यावरही नियम टिकून राहिले, यावरून खरे कारण वेगळे असावे असे म्हणावे लागते. आई येऊन गेली की मूल आकांत करते आणि आली नाही तर दोन-चार दिवसांत शांत होते, हा परिचारिकांचा रोजचा अनुभव होता, आणि त्या शांततेलाच ‘मूल रुळले’ असे म्हटले जाई.

न्यूकॅसलचे डॉ. जेम्स स्पेन्स यांनी १९२५ पासून तेथील लहानशा शिशुरुग्णालयात आयांना बाळांसोबत राहू देऊन बाळांची शुश्रूषा त्यांच्याच हाती सोपवली होती, आणि १९४६ मध्ये, योगायोगाने चार्ल्स वेस्ट यांच्याच नावाच्या व्याख्यानात, त्यांनी ही रीत वैद्यकविश्वापुढे मांडली. मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही, कारण आपल्या सरकारी रुग्णालयांत खाटेशेजारी चटई टाकून झोपलेली आई हे नेहमीचे दृश्य आहे. ‘रुळण्या’चा खरा अर्थ मात्र जेम्स रॉबर्टसन यांनी उघड केला. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिक या मानसोपचार केंद्रात मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांच्यासोबत काम करणाऱ्या या समाजकार्यकर्त्याने १९५२ मध्ये, शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस दाखल झालेल्या दोन वर्षांच्या मुलीचे चित्रण केले. रडणे, मग निराशा आणि शेवटी आईविषयीच अलिप्तता असा विरहाचा क्रम त्यांनी मांडला आणि शांत मूल हे सुखी मूल नव्हे, असे दाखवले. चित्रपट पाहणारे अनेक डॉक्टर त्यांच्यावर संतापले.

सर हॅरी प्लॅट यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीने १९५९ च्या अहवालात भेटीवरील निर्बंध उठवावेत आणि लहान मुलांसोबत आईच्याही राहण्याची सोय करावी, अशा शिफारशी केल्या. त्यांची सक्ती नसल्याने अंमल रेंगाळला. तेव्हा १९६१ मध्ये लंडनच्या बॅटरसी भागातील काही आयांनी एकत्र येऊन सुरू केलेल्या गटातून पुढे देशव्यापी संघटना उभी राहिली, आणि तिने रुग्णालयांकडे पाठपुरावा करण्याबरोबरच मुलाला दाखल करण्याआधी त्याची समजूत कशी घालावी, हेही पालकांना सांगण्यास सुरुवात केली. १९८८ मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे युरोपातील अशा संघटनांनी रुग्णालयातील मुलांच्या हक्कांची दहा कलमी सनद तयार केली. तिच्यात मुलाला व पालकांना समजेल अशा रीतीने माहिती मिळण्याचा हक्क चौथ्या कलमात येतो, आणि पालकांनी मुलाजवळ असण्याचा व तेथे राहण्याचा हक्क त्याच्या आधीच्या दोन कलमांत.