जे शहर कधी झालेच नाही

दर वर्षी उन्हाळा सरत आला की शब्बाथच्या वाचनात पाराशा रेए येते. देवारीमच्या तेराव्या अध्यायातील शेवटच्या सातएक ओळी हाज्जान एका दमात वाचून पुढे जातात आणि आपणही पुढे जातो. गेल्या वर्षी मात्र आमच्या बहिणीच्या नातीने फोनवर आम्हाला अडवले. तिने विचारले, की आपल्या तोरात एक अख्खे शहर माणसांसकट मारून जाळून टाकण्याचा हुकूम आहे, तर अशी किती शहरे आपल्या लोकांनी जाळली? आम्ही तेव्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेली. ते बरे झाले नाही. म्हणून हा लेख.

हुकूम आहे, हे आधी सरळ कबूल करावे. इस्राएलातील एखाद्या शहरात काही हलकट माणसे निघाली आणि त्यांनी गावकऱ्यांना फितवून परक्या दैवतांच्या पूजेला लावले, असे कानावर आले तर नीट शोध करावा, चौकशी करावी, विचारपूस करावी. गोष्ट खरी ठरली तर त्या शहरातील लोकांना व गुरांना तलवारीने मारावे, सारी मालमत्ता चौकात आणून शहरासकट जाळावी. ती जागा कायमची ओसाड टेकडी राहावी, पुन्हा तिथे बांधकाम होऊ नये. या शहराला इब्रीत ईर हान्निद्दाहात म्हणतात, म्हणजे बहकलेले शहर. मोशे रब्बेनूंच्या कायद्यात याहून कडक शिक्षा शोधून सापडणार नाही.

आता आपल्या राब्बींनी याचे काय केले ते पाहू. त्यांनी हुकूम खोडला नाही. खोडण्याचा अधिकार त्यांना नव्हता. त्यांनी एकेक शब्द हातात घेऊन त्यावर अटी बसवल्या. हे काम मिश्नेत आणि तालमूदाच्या सानहेद्रीन भागात आहे, आणि ते वाचताना एखादा म्हातारा वकील पक्षकाराला वाचवण्यासाठी कागदपत्र चाळतो आहे असे वाटते.

पहिली अट अशी, की गावच्या किंवा टोळीच्या न्यायाधीशांना या खटल्यात हात घालता येत नाही. यरुशलायीमच्या एकाहत्तर जणांच्या मोठ्या न्यायसभेपुढेच तो चालला पाहिजे. फितवणारे त्याच शहरातले आणि त्याच टोळीतले हवेत. बाहेरच्याने येऊन बहकवले तर शहराला ही शिक्षा नाही. फितवणारी बाई किंवा पोर असेल तरी नाही. शहराचा निम्म्याहून मोठा भाग बहकलेला हवा, नाहीतर प्रत्येकाचा खटला वेगळा. शहर सरहद्दीवरचे असू नये. एकाच वेळी तीन शहरांवर असा निकाल देता येत नाही. यरुशलायीमला तर हा कायदा मुळीच लागू नाही, कारण ते कोण्या एका टोळीच्या वाट्याला आलेले शहर नव्हे. शिवाय प्रत्येक माणसाविरुद्ध दोन साक्षीदार हवेत, आणि गुन्ह्याआधी त्याला ताकीद दिलेली हवी. बाराव्या शतकात रामबाम यांनी आपल्या कायद्याच्या ग्रंथात आणखी लिहिले, की न्यायसभेने आधी दोन विद्वान त्या शहरात पाठवावेत, त्यांनी लोकांना समजवावे, आणि लोक वळले तर प्रश्नच मिटला.

एक अट आम्हाला फार आवडते. गाढवांचे आणि उंटांचे तांडे घेऊन फिरणारे परगावचे लोक त्या शहरात उतरले असतील आणि तीस दिवस राहिले असतील, तर ते तिथलेच रहिवासी धरायचे. ते बहकलेले नसतील तर त्यांची डोकी चांगल्यांच्या बाजूला मोजायची. म्हणजे बहकलेल्यांचे मताधिक्य मोडले की शहर वाचले! परमुलखात बिऱ्हाड करून राहिलेल्या आमच्यासारख्यांना हे वाचून बरे वाटते. एरवी परक्यांची मोजदाद होते ती बहुतेक उलट कारणासाठी.

आणि सगळ्यांवर कळस राब्बी एलिएझेर यांचा. ते म्हणाले, की ज्या शहरात एकाही दाराला मेझुझा असेल ते शहर ईर हान्निद्दाहात होऊच शकत नाही. त्यांचा मुद्दा साधा आहे. हुकूम सगळेच्या सगळे जाळण्याचा आहे. मेझुझात देवाचे नाव लिहिलेले असते आणि ते जाळायला मनाई आहे. मग सगळे जाळता येत नाही, आणि सगळे जाळता येत नसेल तर काहीच जाळता येत नाही. एका चौकटीवर ठोकलेल्या वीतभर डबीने, तीही कदाचित एखाद्या विसरभोळ्या म्हातारीच्या घरची, आख्खे गाव वाचते.

म्हणून तालमूदात स्पष्ट म्हटले आहे, की असे शहर कधी झाले नाही व कधी होणार नाही. ते लिहिले गेले ते अभ्यास करून पुण्य घ्यावे यासाठी. आमच्या नातीच्या प्रश्नाचे हे उत्तर. मात्र तालमूद प्रामाणिक आहे. लगेच पुढे राब्बी योनाथान यांचे म्हणणे दिले आहे, की मी असे शहर पाहिले आहे आणि त्याच्या ढिगाऱ्यावर बसलो आहे. कोणते शहर, कुठे, केव्हा, काही नाही. पुढची चर्चा सुरू होते. आम्ही या वाक्यापाशी दर वेळी अडखळतो.

कल्पनेतल्या शहराचा आणि ढिगाऱ्याचा विषय निघाला म्हणून आमच्या इथली एक हकीकत सांगतो. आम्ही राहतो ते नावन हे आयर्लंडच्या मीथ काउंटीतले गाव. बेने इस्राएलांनी हे नाव ऐकून नवगाव आठवावे, आम्हालाही पहिल्यांदा तेच आठवले होते. पण इथे ना समुद्र ना फुटलेले गलबत, आणि सिनेगॉगसाठी डब्लिन गाठावे लागते. गावाच्या दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर टारा नावाची हिरवी टेकडी आहे. आयर्लंडच्या जुन्या राजांची ती गादी. आज तिथे मातीचे गोल बांध, एक उभा दगड आणि मेंढ्या एवढेच दिसते.

१८९९ साली या टेकडीवर कुदळी घेऊन काही इंग्रज मंडळी आली. इंग्रज लोक हेच इस्राएलच्या हरवलेल्या दहा टोळ्या, असे मानणारा त्यांचा पंथ होता. यिर्मया संदेष्ट्याने राजा सिद्कीयाच्या मुलीला घेऊन आयर्लंड गाठले आणि करारकोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या असलेली पेटी, टारात पुरली अशी त्यांची समजूत. जमिनीच्या मालकाने परवानगी दिली. १९०२ पर्यंत त्यांनी थांबून थांबून खणले. कवी येट्स, डग्लस हाइड आणि जॉर्ज मूर यांनी त्या वर्षी लंडनच्या टाइम्स पत्रात निषेधाचे पत्र छापले. मॉड गॉन आणि आर्थर ग्रिफिथ यांनीही विरोध केला. पेटी सापडली नाही. खणलेल्या जागेची मात्र वाट लागली. पुढे १९५२-५३ मध्ये प्राध्यापक ओ रीर्दान यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले तेव्हा रोमन काळातील काचेच्या आणि मातीच्या भांड्यांचे तुकडे निघाले, पण आधीच्या खणण्याने थर विस्कटलेले होते. दुसऱ्याच्या टेकडीत आपले यरुशलायीम शोधण्याचा हा परिणाम. हरवलेल्या टोळ्यांपैकी म्हणून आपल्यालाही लोकांनी पुष्कळदा गणले आहे. निदान आपण त्यापायी कोणाची जमीन खणली नाही.

गंमत अशी, की कायद्याच्या पाट्या शोधायला आलेल्या या मंडळींच्या पायाखालीच कायद्याची एक गोष्ट होती. टाराचा राजा लुगाइद गादीवर असताना एका बाईच्या मेंढ्यांनी राणीच्या शेतातील निळीचे रोप खाल्ले. राजाने निकाल दिला, की मेंढ्या राणीला द्याव्यात. तिथे उभा असलेला कॉर्माक नावाचा पोर म्हणाला, की हा न्याय नव्हे. रोपाची एक कापणी गेली, तर मेंढ्यांच्या लोकरीची एक कातरणी द्यावी. रोप पुन्हा वाढेल, लोकरही पुन्हा वाढेल. खोटा निकाल दिला म्हणून राजवाड्याची एक बाजू टेकडीवरून घसरली, आणि पुढे कॉर्माक राजा झाला. टारावर एका उतारावर कललेले बांध आहेत, ते त्या घसरलेल्या बाजूचे, असे सांगतात. ही दंतकथा आहे. पण सातव्या-आठव्या शतकात लिहिलेल्या आयर्लंडच्या ब्रेहन कायद्यात हाच कल दिसतो. बहुतेक गुन्ह्यांना, खुनालासुद्धा, भरपाईची रक्कम ठरलेली, आणि ती माणसाच्या मानाप्रमाणे कमीजास्त. खोटा न्याय करणारा राजा आपला मान गमावून बसे. देणे बुडवणाऱ्या बड्या माणसाच्या दारात ऋणको नव्हे, धनको उपाशी बसे. आपल्याकडचे धरणेच की! हेन्री मेन यांनी १८७५ च्या ग्रंथात हे साम्य दाखवले होते. तरी या कायद्याला फार गोड समजू नये. भरपाई मोजण्याच्या मापाला कुमल म्हणत, आणि कुमल याचा मूळ अर्थ दासी. एकाचा जीव दुसरीच्या देहाने मोजायचा.

तेव्हा मोठी भयंकर शिक्षा कागदावर राहिली, कधी अमलात आली नाही, याचे समाधान मानून लेख इथे संपवता आला असता. पण नातीने आणखी एक प्रश्न विचारला होता. आपल्या जमातीत कधी कोणाला शिक्षा झाली का?

झाली. कोंकणात काजी आणि मुकादम जमातीचे तंटे सोडवीत, दंड करीत, आणि शेवटचे हत्यार म्हणजे वाळीत टाकणे. ते आपल्या शेजाऱ्यांच्या जातपंचायतींसारखेच होते. परंतु यापेक्षा वाईट एक गोष्ट होती आणि तिच्याबद्दल आपल्या मासिकांतून फार कमी लिहिले जाते. आपल्यात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन भाग होते. ज्यांच्या घराण्यात कधीकाळी अन्य जातीची बाई आली, त्यांचे वंशज काळे. त्यांच्याशी बेटीव्यवहार नाही, एका ताटात जेवण नाही. तेही शब्बाथ पाळत, शेमा म्हणत, मुलांची सुंता करीत.

आमची आई सांगत असे. तिच्या लहानपणी, अलिबागकडच्या आमच्या गावी, मलिद्याच्या दिवशी एक बाई मदतीला येई. खोबरे किसून देई, पोहे पाखडून देई. तिची कपबशी मागच्या पडवीतल्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असे आणि चहा झाला की ती स्वतःच विसळून परत ठेवी. आईने एकदा आजीला विचारले, की यांनी काय केले? आजी म्हणाली, यांनी काही नाही केले गं, यांच्या कोण्या पणजाने केले. तोराच म्हणते, की बापाच्या गुन्ह्यासाठी मुलाला मारू नये. आजीला हे ठाऊक नव्हते असे नाही.

आमचा जन्म दवाखान्यात नोकरी करण्यात गेला. वेगळी भांडी, वेगळी खोली, दारावर पाटी, हे आम्ही हजार वेळा केले आहे. परंतु वेगळे ठेवण्याच्या कागदावर तारीख असते, आणि ठरल्या दिवशी तपासणी झालीच पाहिजे. वायिक्राच्या तेराव्या अध्यायातही तसेच आहे. कोहेनने सात दिवसांनी चट्टा पुन्हा पाहायचा, मग पुन्हा सात दिवसांनी. त्या कपबशीची तपासणी कोणी कधी केली नाही. त्या बाईसाठी एकाहत्तर न्यायाधीश बसले नाहीत, दोन साक्षीदार आले नाहीत, कोणी दोन विद्वान पाठवले नाहीत. मोठ्या शिक्षेभोवती आपल्या राब्बींनी एवढे कुंपण घातले, आणि ही लहान शिक्षा पिढ्यान् पिढ्या बिनकुंपणाची चालली.

मग पाळी आपल्यावर आली. १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य राब्बींनी सूचना काढल्या, की बेने इस्राएल माणसाचे इतर यहुद्याशी लग्न लावण्यापूर्वी त्याच्या आईकडील पिढ्या तपासाव्यात. आपले लोक हादरले. ज्यांचे आईबाप, आजेपणजे शब्बाथ मोडल्याचे कोणी पाहिले नव्हते त्यांना तुमची आजी कोण, तिची आई कोण, असे विचारू लागले. १९६४ च्या उन्हाळ्यात आपले लोक यरुशलायीममध्ये धरणे धरून बसले. ऑगस्टमध्ये क्नेसेटने ठराव करून बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत असे सांगितले आणि त्या सूचनेतून आपले नाव काढले गेले. हा लढा आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावाच. आमच्या आईनेही तो सांगितला, पण ती म्हणत असे, की वर्तमानपत्रात ते वाचताना मला आमची पडवी दिसत होती.

महाराष्ट्र सरकारने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि तो २०१७ पासून लागू झाला. कोणाला वाळीत टाकल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा व्हावा म्हणून ज्या गावांच्या तक्रारी पुढे आल्या त्यांत आपल्या रायगड जिल्ह्यातली गावे बरीच होती. आता तिथे आपली घरे थोडीच उरली आहेत. गोरे-काळे हा भेद मुंबईत आणि नंतर इस्राएलात मिटून गेला. आजच्या मुलांना तो ऐकूनही ठाऊक नसतो. आमच्या नातीला नव्हता.

तिला आम्ही हे सारे पत्राने कळवले. तिने उलट विचारले, की त्या बाईचे घर कुठे होते. आईने दाखवले होते, म्हणून आम्हाला आठवते. विहिरीपलीकडे, दोन खणांचे. आम्ही पाहिले तेव्हा ते पडलेले होते, पुढची लाकडी चौकट तेवढी उभी होती. उजव्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, मेझुझा ठोकल्याची खिळ्यांची दोन भोके होती. आम्ही जोत्याच्या दगडांवर थोडा वेळ बसलो आणि मग एसटीची वेळ झाली म्हणून उठलो.