संघटित गुन्हेगारीचा उदय : गुन्हाशास्त्रीय उपपत्ती

बेकायदेशीर वस्तू वा सेवा सातत्याने पुरवून नफा मिळविणाऱ्या आणि त्यासाठी धाकदपटशा व लाचलुचपत यांचा आश्रय घेणाऱ्या टिकाऊ टोळ्यांच्या व्यवहारास संघटित गुन्हेगारी म्हणतात. तिच्या उदयाविषयीच्या बहुतेक उपपत्ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मांडल्या गेल्या, यास तेथील दारूबंदी मुख्यतः कारणीभूत होय. अठरावी घटनादुरुस्ती १७ जानेवारी १९२० रोजी अमलात आली. मद्याची मागणी मात्र कायम राहिली. चोरटी दारू गाळणे, सीमेपलीकडून आणणे, गुत्त्यांपर्यंत पोहोचविणे व पोलिसांना हप्ते देणे ही कामे एकट्यादुकट्या गुन्हेगाराच्या आवाक्याबाहेरची होती. शिकागोतील अल कपोनची टोळी या व्यवहारावरच गब्बर झाली.

तथापि जॉन लँडेस्को याने शिकागोविषयीच्या १९२९ च्या अहवालात दाखविल्याप्रमाणे जुगारअड्डे, कुंटणखाने आणि स्थानिक राजकारणी यांचे साटेलोटे दारूबंदीच्या आधीपासूनचे होते. रॉबर्ट मर्टनच्या प्रमाणकशून्यतेच्या उपपत्तीने (१९३८) याला व्यापक बैठक दिली : समाज धनप्राप्तीचे ध्येय सर्वांपुढे ठेवतो, पण वैध मार्ग थोड्यांनाच खुले करतो.

सीनेटर कीफॉव्हर याच्या समितीने (१९५०-५१) वेगळेच चित्र उभे केले. सिसिलीतून आलेली माफिया ही गुप्त संघटना देशभर पसरली आहे, असा तिचा निष्कर्ष होता. डॉनल्ड क्रेसीने १९६९ मध्ये तिला नोकरशाहीसारख्या अधिकारश्रेणीचे रूप दिले. डॅन्येल बेलने मात्र १९५३ मध्येच या मताचा प्रतिवाद केला होता. आयरिश, ज्यू व इटालियन स्थलांतरितांनी क्रमाक्रमाने गुन्हेगारीचा शिडीसारखा उपयोग केला, असे त्याचे प्रतिपादन. परक्यांच्या कटाची कल्पना राज्यकर्त्यांना सोयीची होती. कारण तीत गिऱ्हाइके आणि हप्ते घेणारे अधिकारी दोघेही निर्दोष ठरतात.

दारूबंदी १९३३ मध्ये उठल्यावरही टोळ्या का उरल्या, या प्रश्नाचे अधिक समाधानकारक उत्तर दिएगो गाम्बेत्ताच्या सिसिलीवरील अभ्यासात (१९९३) मिळते. तेथे १८१२ मध्ये सरंजामशाही रद्द होऊन जमिनीची खरेदी-विक्री वाढली. परंतु मालमत्तेला व करारांना शासनाचे विश्वासार्ह संरक्षण नव्हते. माफियाने ते संरक्षणच विकावयास काढले. संरक्षणाचे गिऱ्हाईक एका जिनसेवर अवलंबून नसते.

मुंबईचा अनुभव या दोन्ही उपपत्तींना पुष्टी देणारा आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर हातभट्टीचा धंदा फोफावला व सोन्याच्या आयातीवरील निर्बंधांनी तस्करी किफायतशीर केली. सुवर्ण नियंत्रण अधिनियम १९९० मध्ये रद्द झाला, तरी टोळ्या संपल्या नाहीत. त्या दशकात बांधकाम व्यावसायिक व चित्रपट निर्माते यांच्याकडून खंडणी उकळली जाऊ लागली. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम (१९९९) संघटित गुन्ह्याची व्याख्या हिंसा, धमकी, आर्थिक लाभ आणि मागील दहा वर्षांतील एकाहून अधिक आरोपपत्रे यांच्या आधारे करतो. मागणीचा विचार या व्याख्येत येत नाही.