हेदुआकाठची शाळा

कोलकात्यास (आमच्या जिभेवर अजून कलकत्ताच बसलेले आहे) बदली होऊन आलेला मराठी गृहस्थ एखाद्या सायंकाळी हेदुआच्या तळ्याकाठी फिरावयास जातो. स्कॉटिश चर्च कॉलेजाची इमारत पाहून त्याला विवेकानंद व सुभाषचंद्र आठवतात. दोघेही या संस्थेचेच विद्यार्थी. परंतु याच संस्थेच्या आरंभकाळी तिच्या नावाने बंगाली घरांत आकांत होत असे, हे आपल्या सहसा ध्यानी येत नाही.

अलेक्झांडर डफ हा स्कॉटिश मिशनरी मे १८३० मध्ये, वाटेत दोनदा जहाज फुटून, येथे पोहोचला. बरोबरची सुमारे आठशे पुस्तके समुद्राने गिळली होती. १३ जुलै रोजी चितपूर रस्त्यावर, फिरंगी कमल बोस यांच्या घरात, त्याने शाळा उघडली. हे घर मिळवून दिले राजा राममोहन राय यांनी; त्यांची ब्राह्मसभा पूर्वी तेथेच भरत असे. बायबल हाती घेण्यास मुले कचरू लागली, तेव्हा राममोहनांनीच त्यांची समजूत घातली: आपण कुराण वाचले म्हणून काही मुसलमान झालो नाही, वाचावे आणि स्वतः पारखावे. शिक्षण इंग्रजीतून आणि तेही विनामूल्य! बाप मुलास पाठवीत ते धर्मासाठी नव्हे, चाकरीसाठी. डफला हे पुरते ठाऊक होते. मूल एकदा विचार करू लागले म्हणजे पुढचे आपोआप होईल, असा त्याचा हिशेब.

तो हिशेब मोजक्याच ठिकाणी जुळला. पण जेथे जुळला तेथे घर दुभंगले. हिंदू कॉलेजात शिकलेल्या कृष्णमोहन बॅनर्जींना मित्रांच्या गोमांसभक्षणापायी १८३१ मध्ये घर सोडावे लागले होते. १८३२ मध्ये डफने त्यांना बाप्तिस्मा दिला. १८४५ मध्ये उमेशचंद्र सरकार हा तरुण आपल्या अल्पवयीन पत्नीसह डफच्या आश्रयास गेला आणि सारे शहर खवळले. देवेंद्रनाथ ठाकूर घरोघर हिंडले. ब्राह्म देवेंद्रनाथ आणि सनातनी राधाकांत देव यांचे एरवी पटत नसे. या प्रसंगाने त्यांना एकत्र आणले. वर्गणी जमली, हिंदू मुलांसाठी विनामूल्य शाळा निघाली आणि भूदेव मुखोपाध्याय तिचे मुख्याध्यापक झाले. मिशनऱ्यांना उत्तर द्यावयाचे तर त्यांच्यासारखीच शाळा काढावी लागते, हे बंगाल्यांनी ओळखले, यात आम्हांस त्यांचे शहाणपण दिसते.

मुंबईत दोनच वर्षांपूर्वी, १८४३ मध्ये, स्कॉटिश मिशनच्या शाळेतील नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाला. मागोमाग गेलेला त्याचा धाकटा भाऊ श्रीपत न्यायालयाने पित्याच्या स्वाधीन केला. न्यायालयाने दिलेले पोर जातीने घ्यावयाचे होते. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्ताचा पक्ष उचलून धरला, तर सनातन्यांनी त्यांच्यावरच शस्त्र धरले. मिशनऱ्याने नेलेल्या मुलाचा शोक करणारे, परत आलेल्या मुलाला पंक्तीस बसवून घेण्यास तयार नव्हते. थोरला नारायण ख्रिस्तीच राहिला. या ब्राह्मणपुत्राने पुढे जालन्याजवळ मांगांच्या वस्तीत आपले कार्य केले आणि तेथे बेथेल नावाचे गाव वसविले.